रंगुबाईची बी विंग

सांगलीच्या गावभागात मनोविलास थिएटर होतं, त्याच्या डाव्या विंगेत एक लोखंडी ट्रंक होती आणि त्या ट्रंकेवर रंगुबाई होती. नाटक कुठलंही असो, कंपनी मुंबईची असो की आमच्यासारखी हौशी, ह्या दोन गोष्टी नेपथ्यात धरलेल्याच. पदराला टोचलेल्या सेफ्टी पिना, दातात धरलेला दोरा, मांडीवर कुणाचा तरी उसवलेला अंगरखा आणि डोळे रंगमंचावर.

'कपडेपट : रंगुबाई' असं आम्ही हस्तपत्रिकेवर छापायचो. पण कपडे भाड्यानं देणं हे तिचं वरवरचं काम. खरं काम विंगेत. तिच्या हातातून सुटल्याशिवाय राजाला दरबारात जाता यायचं नाही.

"थांब रं. कुटं निगालास?"

"मावशी, एंट्री आहे माझी!"

"आसू दे एंट्री. टोप उलटा घातलायस. मागचा तुरा म्होरं आलाय. राजा हायस का कोंबडा?"

राजा मुकाट्यानं मान खाली घालायचा. तो दिवसा बँकेत कॅशियर असायचा आणि तिथे लोक त्याच्यापुढे मान खाली घालायचे, ते वेगळं.

रंगुबाई मूळची म्हसवडकडची, धनगराच्या घरातली. लहानपणी बापाबरोबर मेंढरांमागं हिंडलेली. प्रयोग संपला की कपड्यांच्या ढिगाकडे नुसती नजर टाकायची आणि म्हणायची, "एक सदरा चुकलाय." हरवलाय नाही, चुकलाय. मग कुणीतरी ओशाळून पिशवीतनं सदरा काढायचं.

तिचा नवरा गुंडा ह्याच थिएटरात पडदा ओढायचा. आमच्याकडे गुंडा हे अगदी साधं, घरगुती नाव आहे. आणि हा गुंडा तर इतका मवाळ की पडद्यालासुद्धा त्रास होऊ नये अशा बेतानं ओढायचा. एकदा म्हणे नाटक संपून लोक सायकली काढायला लागले तरी पडदा निम्म्यावरच होता. गुंडा गेला, पडदा मोटारीवर आला, रंगुबाई मात्र ट्रंकेवरून उठली नाही. एवढ्या वर्षांत तिनं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. मोठमोठे नट तिला फक्त एका अंगानं माहीत. पेपरात कुणाचा फोटो आला की ती तो तिरका धरून बघायची. डावा गाल दिसला तर ओळखायची.

मनोविलास मुळात हळदीचं गोदाम. मग नाटकाचं थिएटर झालं, मग टॉकीज, मग पुन्हा कधीमधी नाटक. नव्वदनंतर तर वटवाघळं, आमच्या तालमी आणि रंगुबाईच्या ट्रंका एवढंच काय ते आत उरलं होतं. भिंतीला कुठं ओल आली की अजून हळदीचा वास सुटायचा.

पंच्याण्णव साली मालकांचा नातू प्रशांत पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आला आणि त्यानं जाहीर केलं, की मनोविलास पाडणार नाही. पुढची दगडी भिंत तशीच ठेवायची, मधोमध नवं नाट्यगृह, दोन्ही बाजूंना दुकानांचे गाळे, बँक, ऑफिसं. नाव, मनोविलास कल्चरल अँड बिझनेस सेंटर. सगळ्यांना जुन्या रंगमंचावर बोलावलं. भाडेकरू, आम्ही नाटकवाले, गल्लीतले चार मानकरी. सगळे 'प्रशांतसाहेब, प्रशांतसाहेब' करत होते. रंगुबाईनं त्याला लंगोटात बघितलेलं.

"पप्पू, ती चटई कसली आणलीस गुंडाळून?"

"नकाशा आहे, मावशी."

"मग उलगड की. लाजतोयस व्हय?"

नकाशा उलगडला. सगळे वाकले. आपापली जागा शोधायला लागले. रंगुबाईला नकाशा वाचता येत नव्हता, आम्हालाही येत नव्हता, पण आम्ही हनुवटीला हात लावून उभे होतो.

"माझं काय त्ये सांग," रंगुबाई म्हणाली. "म्या कुटं बसायचं?"

प्रशांत हसला. त्याच्या आजोबांनी मरताना रंगुबाईकडे बघा म्हणून सांगितलं होतं, आणि पोरगा शब्दाचा पक्का. तो म्हणाला, "मावशी, काळजी करू नका. गाळा पक्का. जागा बी विंगेत."

रंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"ऐकलासा न्हवं समद्यांनी? गाळा पक्का. आन् जागा बी, विंगेत! पुण्याला शिकून आलंय, पर आजून 'बी' म्हणतंय बगा पोरगं. माती न्हाई इसरलं."

आमच्यातलं कुणीही चपापलं नाही. महेंद्रसुद्धा नाही. महेंद्र वीज मंडळात नोकरीला आणि आमच्या संस्थेचा दिग्दर्शक. स्वल्पविराम चुकला तर तालीम थांबवणारा माणूस. तोही हळवा होऊन म्हणाला, "बिल्डर असावा तर असा." आमच्या डोक्यात विंग म्हणजे एकच, काळ्या पडद्याची. प्रशांतच्या डोक्यात विंग म्हणजे इमारतीचा भाग, ए आणि बी. त्या दिवशी त्या रंगमंचावर एक स्वल्पविराम नको तिथे पडला, आणि तो उचलायला तीन वर्षं कुणी आलं नाही.

बांधकाम सुरू झालं आणि ट्रंका रंगुबाईच्या दोन खोल्यांच्या घरी गेल्या. सून सोनिया वैतागली.

"आत्या, तुमच्या राक्षसांनी माझं कपाट खाल्लं. भाकरीच्या टोपल्यात मुकुट हाय!"

"ऱ्हाऊ दे की चार दिस."

"आन् ती गदा? पाव्हणे आले की तिच्यावरच बसत्यात!"

सोनियानं मिरजेला ब्युटी पार्लरचा कोर्स केलेला. दुकान कुठं टाकायचं ह्यावर नवऱ्याशी, म्हणजे बाळासोशी, रोज भांडण. एक दिवस रंगुबाईनं ते मिटवून टाकलं. "गाळा तुला घे. माजं मी विंगेत भागवीन. मला गाळा घिऊन काय करायचं, शटर उगडून बसू व्हय गिऱ्हाइकाची वाट बगत?" सोनियानं त्या रात्री सासूचे पाय चेपले. रंगुबाई आम्हाला सांगताना म्हणाली, "गुदगुल्या झाल्या, पर गप पडले."

साइटवर तिची रोज फेरी. आर्किटेक्ट पुण्याचे, काळा चष्मा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. पहिल्याच दिवशी त्यांनी अडवलं.

"ओ बाई, आत यायचं नाही. कोण तुम्ही?"

"मी? मी गुंडाची बायको."

आर्किटेक्ट एक पाऊल मागं सरकले. "कुठल्या गुंडाची?"

"हितल्याच. त्येच्याबिगर हितला पडदा हलत न्हवता. तुमी नवं हायसा, तुमाला न्हाई ठावं."

"बरं, आता कुठे असतात ते?"

रंगुबाईनं शांतपणे बोट वर केलं. त्यांनी वर बघितलं. वर सेंटरिंगवर एक धिप्पाड मुकादम हातात पहार घेऊन उभा होता.

संध्याकाळी आर्किटेक्टनी प्रशांतला बाजूला घेतलं. "इथे लोकल लोकांचा त्रास आहे का? आज एक बाई दम देऊन गेल्या." प्रशांत पोट धरून हसला, पण त्यानं खुलासा केला की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून रंगुबाई आली की साइटवर खुर्ची मांडली जायची, चहा यायचा. रंगुबाईचं मत झालं, की पुण्याच्या माणसांना उगीच नावं ठेवतात, लय मानाची असतात.

मनोविलास बंद असल्यामुळे त्या वर्षी आमचं स्पर्धेचं नाटक साताऱ्याला पडलं. ऐतिहासिक होतं, कपडे रंगुबाईचे, म्हणून तिलाही एसटीत घातलं. तिथल्या संयोजकांनी सांगितलं, रंगमंचावर पास असलेलेच. तिचा पास करायचा राहून गेला होता. महेंद्रनं तिला तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

"हितं?" ती म्हणाली. "पडद्याच्या ह्या अंगाला?"

"बघा तरी एकदा समोरून, मावशी. खरं नाटक हेच."

पहिला अंक तिनं पर्स धरावी तशी सुईदोऱ्याची पिशवी छातीशी धरून काढला. दुसऱ्या अंकात राजाचा शेला मागनं सुटला. राजा आप्पासो, तोच कॅशियर. शेल्याचं टोक जमिनीवर आणि आप्पासोचा पाय त्यावर पडायच्या बेतात. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतनं आवाज आला, "आप्पासो! शेला!"

आख्खं सभागृह वळलं. त्याहून वाईट म्हणजे आप्पासोही वळला. तो सवयीनं डाव्या विंगेकडे वळला, कारण हा आवाज जन्मात कधी दुसरीकडून आलाच नव्हता. तिथे साताऱ्याचा एक स्वयंसेवक बशीतनं चहा पीत उभा होता. आप्पासो त्याच्याकडे बघतच राहिला. स्वयंसेवकानं बिचाऱ्यानं बशी पुढं केली. पुढचं वाक्य आप्पासोला शेवटपर्यंत आठवलं नाही आणि आमचा नंबर आला नाही.

परतीच्या एसटीत रंगुबाई कराडपर्यंत पिशवीतला दोरा गुंडाळत बसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "म्होरनं मला कायबी करता येत न्हाई, महेंदर. समदं दिसतंय आन् हात पोचत न्हाई. लोकं तिकीट काढून ह्ये करत्यात?"

महेंद्रनं तिचा हात थोपटला. "आता थोडेच दिवस. तुमची विंग तयार होतेय."

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला उद्घाटन ठरलं. आठवडाभर आधी प्रशांतनं तिला बोलावलं. मी, महेंद्र, सोनिया, सगळे गेलो. इमारत झकास झाली होती. दगडी भिंत धुऊन काढलेली, आत काच आणि टाइल्स. एका चकचकीत शटरपुढे प्रशांतनं तिच्या हातात किल्ली ठेवली.

"घ्या मावशी. दिलेला शब्द पुरा केला."

"देव भलं करू दे तुजं. ही गाळ्याची. आता विंगेची दे."

"हीच विंगेची."

"ही गाळ्याची की!"

"गाळा विंगेतच आहे ना."

"विंगेत गाळा?" रंगुबाईनं शटर खालून वर बघितलं. "मग नटानं जायाचं कुटनं? शटर उचलून?"

"कुठला नट? मावशी, ही बी विंग आहे."

"ही बी विंग? मग आदीची कुटली?"

"ती पलीकडे, ए विंग."

"ए? हाक मारतोयस का नाव सांगतोयस?"

"ए, बी! ए बी सी डी, मावशी!"

महेंद्रनं कपाळावर हात मारला. आवाज चांगला मोठा आला, टाइल्समुळं.

रंगुबाई सावकाश म्हणाली, "म्हंजे तुजं त्ये 'बी' आपलं 'बी' न्हवं."

"कुठलं 'बी'?"

"'जागा बी'मदलं."

प्रशांतला उमगायला जरा वेळ लागला. उमगल्यावर तो हसायला गेला, आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबला. मग त्यानं समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत. नाट्यगृहात आता नुसतं नाटक नाही, कंपन्यांच्या बैठका होणार, साड्यांचे सेल लागणार, संगीताचे क्लास होणार. रंगमंच आणि विंगा मोकळ्या हव्यात. तिथे कुणाचंही सामान नाही, कुणीही कायमचं बसायचं नाही. नियमच केलाय. "पण गाळा आहे ना मावशी. पुढच्या बाजूला, रस्त्यावर. इथे कपडेपट थाटा. काचेत मुकुट लावा."

रंगुबाईचं लक्ष वर गेलं. शटरवर पाटी चढली होती, गुलाबी अक्षरात, 'सोनिया ब्युटी पार्लर'. सोनियानं पाटीकडेही बघितलं आणि सासूकडेही.

"आत्या," ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे माजं. पाटी उतरवते. तुमचं कपडं ठेवा."

"गप. पाटीवर नाव चढलंय न्हवं? चढलं म्हंजे चढलं." तिनं किल्ली सोनियाच्या हातात दिली आणि निघाली. दारापाशी थबकून म्हणाली, "पप्पू, टाइल्स ब्येस हायत." त्याच्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं प्रशांतच मला नंतर म्हणाला.

आठवडाभर ती कुणाला भेटली नाही. आम्ही घरी गेलो की "बाजारात गेल्यात" असं उत्तर. तिची बसायची ट्रंक मात्र घरात दिसत नव्हती, आणि सोनिया बोलताना सारखी ओठ चावत होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी नाट्यगृह खचाखच. व्यासपीठावर पाहुणे, मागं झेंडूच्या माळा. स्वागतगीत आमचं होतं, म्हणून मी उजव्या विंगेत उभी होते. गाणं संपलं आणि सहज समोर, डाव्या विंगेकडे नजर गेली. तिथे हार-तुरे ठेवलेलं एक टेबल होतं, त्यावर छान भरजरी शालू पसरलेला. आणि हारांच्या शेजारी रंगुबाई बसली होती. शालू राणीचा होता. खाली ट्रंक होती.

नंतर कळलं ते असं, की प्रशांतच्याच हमालांनी ती आत आणली. सोनियानं दारात उभं राहून सांगितलं होतं, "साहेबांनी हार ठेवायला टेबल मागवलंय."

प्रशांत माइकपाशी आला. नवा कोट, हातात भाषणाचा कागद. "ए विंगेत आपली बँक आहे, पहिल्या मजल्यावर कार्यालयं आहेत..." सगळं नीट चाललं होतं. शेवटी त्याला काय वाटलं कोण जाणे, बहुतेक आठवडाभर खात असलेलं मनच बोललं, त्यानं कागद खिशात घातला. "आणि ह्या वास्तूवर ज्यांचा माझ्याआधी हक्क आहे, त्या आमच्या रंगुबाई. त्याही आपल्याला सोडून गेलेल्या नाहीत. त्या आज बी विंगेत आहेत."

"हाय की! हितंच हाय!"

डाव्या विंगेतनं तो आवाज आला आणि मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. सांगलीतल्या अर्ध्या राजांना त्या आवाजानं घाम फोडलेला. हशा उसळला. पाहुण्यांना काही कळेना, ते माइकमध्ये बघायला लागले, आवाज त्यातनं आला असं वाटून.

प्रशांत विंगेकडे वळला. माइक चालूच. "मावशी, अहो तसं नव्हे... बी विंगेत म्हणजे बाहेर, तिकडे..."

"आजबी विंगेत हाय म्हणलास का न्हाई? आत्ता म्हणलास! समद्यांनी ऐकलं!"

"म्हणलं, म्हणलं!" मागून कुणीतरी ओरडलं. पहिल्या रांगेतल्या आप्पासोनं उभं राहून साक्ष दिली, "साहेब, शब्द असाच होता!"

"आजबी हाय, उद्याबी असू द्या!" बाल्कनीतनं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. प्रशांत माइकपुढे उभा, एक हात खिशातल्या कागदावर. त्याच्यासमोर तीनशे माणसं आणि बाजूला एक. तो त्या बाजूला बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"उद्याबी," तो माइकमध्ये म्हणाला. "लिहून घ्या. उद्याबी विंगेत." ह्या खेपेला त्यानं 'बी' जिथं जोडायचं तिथंच जोडलं.

मी पलीकडे बघितलं. रंगुबाई पदरानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं पाहुण्यांचे हार ट्रंकेवरून उतरवून खाली ठेवत होती. जागा करत होती.

आगीचा नियम मात्र नियम. महिन्याभरानं शाळेच्या संस्थेचं पौराणिक नाटक लागलं, तेव्हा प्रशांत टॉर्च घेऊन विंगेत आला. ट्रंक फूटभर मागं घ्यावी लागणार होती, तिच्यामागं आग विझवायचं नळकांडं होतं.

"मावशी, ही ट्रंक जरा..."

"शूः. टॉर्च बंद कर. बस खाली."

"दोन मिनिटांचं काम..."

"बस म्हणते न्हवं? रावण यायलाय."

प्रशांत ट्रंकेवर बसला. अंधारातनं रावण आला, दोन्ही अंगांना थर्माकोलची तोंडं. विंग नवी आणि अरुंद. रावण सरळ मावेना, आडवा होईना.

"पप्पू, तिकडची तोंडं धर. दाबून धर, पर मोडू नगंस."

इमारतीच्या मालकानं कोटाच्या बाह्या मागं सारल्या आणि रावणाची चार तोंडं दोन्ही हातांनी धरली. रंगुबाईनं दातातनं पीन काढून पाठीमागं काहीतरी केलं. नगारा वाजला. "जा!" म्हणून तिनं रावणाला ढकललं. प्रशांतला तोंडं सोडायला एक क्षण उशीर झाला. रावण दणादण पुढं गेला, समोर पोरांनी ओरडा केला, "नऊच हायत! नऊच हायत!" आणि दहावं तोंड मालकाच्या मांडीवर राहिलं.

तो घाबरून उठायला लागला. रंगुबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत ट्रंकेवर बसवलं.

"आता हलू नगंस. त्यो परत येईस्तवर सांबाळ त्येला. विंगेत बसायचं म्हंजे काम आसतंय."